एकोत पीए प्रेशर ५८: लगेच गोळी की आधी कॅथेटर?

कॅथलॅबवाला_सोलापूर: काल इथं एकानं लिहिलं, "हार्ट फेल्युअरच्या पेशंटचं पीए प्रेशर ५८ आलं की सिल्डेनाफिल मागून घ्या, कॅथेटर म्हणजे बिल फुगवायचा धंदा." डोकंच फिरलं. पीए म्हणजे हृदयातून फुफ्फुसाकडं जाणारी रक्तवाहिनी, सिल्डेनाफिल म्हणजे फुफ्फुसाच्या नळ्या सैल करणारी गोळी, कॅथेटर म्हणजे मानेतून हृदयात नेऊन प्रेशर मोजायची नळी. एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, प्रेशर मोजत नाही ओ, उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून मागं फिरणाऱ्या रक्ताच्या वेगावरून अंदाज बांधतो. त्यात ५८ हे सिस्टोलिक, म्हणजे ठोक्याच्या वेळचं वरचं प्रेशर. फुफ्फुसातल्या वाढलेल्या रक्तदाबाची व्याख्या मीनवर, म्हणजे सरासरीवर आहे, २० च्या वर, आणि तो कॅथेटरनंच कळतो. वेज, म्हणजे नळी फुफ्फुसाच्या बारीक वाहिनीत अडकवून कळणारा हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब, १५ च्या वर असेल तर तुंबलंय डाव्या बाजूला, म्हणजे ग्रुप २. तिथं फुफ्फुसाच्या नळ्या मोकळ्या करून काय होणार? पुढचं दार बंदच, पाणी फुफ्फुसातच साचणार. २०२२ च्या युरोपियन गाईडलाईनमध्येही ग्रुप १ ची, म्हणजे फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांच्याच आजाराची औषधं ग्रुप २ ला देऊ नका असंच आहे.

होटगीरोडकर: ते लिहिणारा मीच. वडिलांना कॅथेटरसाठी पुण्याला नेलं, दोन दिवस लॉजवर राहिलो, रजा बिनपगारी. निष्कर्ष काय? "डावी बाजू, लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढायची गोळी) वाढवा." हे इथल्या डॉक्टरांनी एको बघूनच सांगितलेलं. कशाला मग मानेत नळी?

मागवाल्याचा_पोरगा: आमच्या वडिलांनी तीस वर्षं यंत्रमाग चालवला. दम लागला की जो तो म्हणायचा, धुळीनं फुफ्फुस गेलं. दोन वर्षं पंप ओढले. शेवटी कॅथेटर केलं: मीन ३८, वेज २४, आउटपुट, म्हणजे हृदय मिनिटाला ढकलतं ते रक्त, ४ लिटर. मीनमधून वेज वजा करा, आउटपुटनं भागा. साडेतीन वुड, हे फुफ्फुसाच्या नळ्यांतल्या अडथळ्याचं माप. २ च्या वर म्हणजे दोन्हीकडं बिघाड. अंदाजानं सांगणारे कुठं होते तेव्हा?

शेंगाचटणी_काकू: वेज-बिज राहू द्या, मिठाचं बोला. आमचे हे रोज ताटभर चटणी खातात, वर लॅसिक्स.

होटगीरोडकर: आता चटणीवर आलात? माझी आजी रोज चटणी खाऊन ८४ वर्षं जगली.

शेंगाचटणी_काकू: आजींना हार्ट फेल्युअर होतं का? नाही ना? मग गप बसा. गड्ड्याच्या जत्रेत भजी खाल्ली, तिसऱ्या दिवशी ह्यांचं वजन दोन किलोनं वर. नडगीवर बोट दाबलं की खळगा तसाच.

मागवाल्याचा_पोरगा: काकू, बिनमिठाची चटणी म्हणजे नुसता कूट. सोलापुरात हे बोलायचं नसतं.

शेंगाचटणी_काकू: कूटच खा. लसूण वाढव.

होटगीरोडकर: एवढं कॅथेटर-कॅथेटर करता, आदल्या तीन दिवसांत लॅसिक्स ओतून पेशंट सुकवला तर वेज १४ येतो की बे! मग ग्रुप १ चा शिक्का मारणार?

कॅथलॅबवाला_सोलापूर: 'बे' घरी. मुद्दा मात्र बरोबर, नाइलाजानं कबूल. म्हणूनच सलाईनचे ५०० मिली देऊन परत बघतात, १८ च्या वर गेला तर डाव्या बाजूचं लपलेलं दुखणं उघडं पडतं. आणि हो, डावी बाजू एकोतच ढळढळीत असेल, उजवी ठीक असेल, उपचार बदलणार नसेल, तर नळी लागत नाही. तुमच्या वडिलांना कदाचित नव्हतीच लागत. पण म्हणून सिल्डेनाफिल?

होटगीरोडकर: बरं, गोळीचं वाक्य मागं. लॉजचं भाडं कोण मागं देणार?

शेंगाचटणी_काकू: वडिलांचं वजन आज केलं का?