मदत हवी आहे: क्रिएटिनिन वाढलेलं असताना ईआरसीपीआधी डायक्लोफेनॅक सपोझिटरी?

आईच्या (वय ६८) पित्तनलिकेत ८ मिमीचा खडा आहे. एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) झालीय, कावीळ वाढतेय, त्यामुळे पुढच्या आठवड्यातली ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून खडा काढणं) टाळता येणार नाही. नंतर स्वादुपिंडाला सूज येऊ नये म्हणून गुदद्वारातून १०० मिग्रॅ डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथॅसिन देतात. २०१२ च्या अमेरिकेतल्या चाचणीत जास्त धोक्याच्या रुग्णांत इंडोमेथॅसिनने हे प्रमाण १६.९ वरून ९.२ टक्क्यांवर आलं होतं, म्हणजे फायदा किरकोळ नाही.

पण आईचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.८ आहे, जुना मधुमेह. किडनीचे डॉक्टर म्हणतात, या गटातलं (एनएसएआयडी, म्हणजे सूज-वेदना कमी करणारी औषधं) एकही औषध नको. पोटाचे डॉक्टर म्हणतात, 'एका डोसने काय होतंय!' दोघांना एकमेकांशी बोला म्हटलं, तर फाइल परत माझ्याच हातात.

दमा, अल्सर, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू नाही. टूडी इको नॉर्मल, पायावर सूज नाही, त्यामुळे सलाईन चालेल असं म्हणालेत.

इथल्या डॉक्टरांना विचारायचंय: अशा पेशंटला तुम्ही तो एक डोस देता, की तो वगळून रिंगर लॅक्टेट (सलाईनचा एक प्रकार) आणि गरज पडल्यास स्वादुपिंडाच्या नळीत स्टेंट यावर भागवता? आणि डोस दिलाच, तर क्रिएटिनिन पुन्हा कधी तपासायचं?