मांजराचं पिल्लू खात नाही, म्हणून त्याला उपाशी ठेवायचं?

इंदिरानगरकर (धागाकर्ती)

पार्किंगमध्ये मांजर व्यायली की सोसायटीतलं एखादं घर हमखास पिल्लू उचलतं, आणि आठवड्याच्या आत त्याच घरून विचारणा होते, "अहो, हे काही खातच नाही, काय करू?" यावर ठरलेला सल्ला असा: नखरे आहेत, भांडं उचलून ठेवा, भूक लागली की मुकाट्याने खाईल. मला हा सल्ला साफ अमान्य आहे. पिल्लाच्या बाबतीत तर तो धोक्याचा आहे, आणि त्यावर नीट बोलणं व्हावं म्हणून हा धागा काढतेय.

आपण एकादशी धरू शकतो, कारण आपल्या अंगात साठा असतो. दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम पाऊण-एक किलोचं. त्याच्याकडे कसला साठा? बराच वेळ पोट रिकामं राहिलं की रक्तातली साखर उतरते, पिल्लू मलूल होतं, अंग गार पडतं, आणि मलूल झालेल्या पिल्लाला भूकच लागत नाही. म्हणजे ज्या भुकेची आपण वाट बघत बसतो ती येतच नाही.

खात नसेल तर मी आधी नाक बघते. मांजर चवीच्या आधी वासावर खातं. रस्त्यावरच्या पिल्लांना सर्दी फार पटकन धरते. नाक चोंदलं, डोळ्यांना चिपडं आली की समोर काहीही ठेवा, ते येऊन हुंगतं आणि मागे फिरतं. कोमट पाण्यात कापूस बुडवून, पिळून, नाकपुड्यांवरची खपली आधी भिजू द्यायची आणि मग हलकेच पुसायची. ओढून काढायची नाही, रक्त येतं. नाक मोकळं झालं की मघाशी नाकारलेलीच बशी पिल्लू चाटायला लागतं, हे आमच्या घरी आलेल्या पिल्लांत मी बघितलंय. अर्थात सर्दी असेल तर एवढ्यावर भागत नाही, डॉक्टरांना दाखवावंच लागतं.

मग येते खाण्याची ऊब. थंडीत आपल्याकडे नाशकात पारा दहाच्या खाली जातो. त्या दिवसांत फ्रीजमधलं उरलेलं ओल्या खाण्याचं पाऊच तसंच बशीत काढलं तर त्याला वास असा उरतच नाही. वाटी गरम पाण्यात ठेवा, ढवळा, बोटाच्या मागच्या बाजूला लावून बघा. गार लागू नये आणि चटकाही बसू नये.

आणखी एक. बशीजवळ येऊन पिल्लू पंजाने फरशी खरवडायला लागलं की लोक म्हणतात, बघा, घाण समजून झाकतंय, आवडलं नाही त्याला. तसं नसतं. उरलेलं अन्न पुरून ठेवायची ती उपजत सवय आहे, पोट भरल्यावरही मांजरं असं करतात.

नाक, तोंड, जंत, खाण्याची ऊब, खाण्याची जागा हे सगळं तपासून झाल्याशिवाय "नखरे" हा शब्द वापरूच नये असं माझं म्हणणं आहे.

देवळालीकर काका

ताई, कळकळ पोचली, पण मी तुमच्या विरुद्ध बाजूला आहे.

भगूरच्या आमच्या जुन्या घरात कायम मांजरं असायची. दूध-भाकरी कुस्करून एका परातीत ठेवली जायची. कुणी आर्जवं केली नाहीत, कुणी वाटी गरम पाण्यात ठेवली नाही. हल्ली मी शेजारीपाजारी बघतो ते असं: पिल्लाने तोंड फिरवलं की चिकन, चिकनवरून तोंड फिरवलं की मासा, मासा नको तर ती पट्टीतली चाटायची ट्रीट. पिल्लू बुद्धिमान जनावर आहे. नाही म्हटलं की पुढची बशी जास्त चांगली येते, एवढं ते दोन दिवसांत शिकतं. मग तीन वर्षांचा बोका एकाच चवीचं पाऊच खातो आणि ते दुकानात मिळालं नाही की घर डोक्यावर घेतो. ही आवड मालकाने लावलेली असते.

माझी पद्धत सांगतो. वेळा ठरवायच्या. बशी ठेवायची, वीस मिनिटांनी उचलायची. पुढच्या वेळी तेच. मध्ये काही नाही. याला उपाशी ठेवणं म्हणत नाहीत, वळण लावणं म्हणतात.

इंदिरानगरकर (धागाकर्ती)

काका, रोज नवी बशी पुढे करू नये हे तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. पण तुमच्या नियमात पिल्लाचं वय कुठेच आलं नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार-पाच वेळा थोडंथोडं लागतं. तुमच्या वेळा किती? दोनच असतील आणि त्यातली एक चुकली, तर ते पिल्लू जवळजवळ अख्खा दिवस उपाशी.

आणि भगूरची मांजरं दूध-भाकरीवर जगत नव्हती हो. कणगीतले उंदीर, पाली, चिमण्या, नाकतोडे हे त्यांचं खरं जेवण, दूध-भाकरी वरची. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या पिल्लाला उंदीर कुठून मिळणार? तुम्ही बशीत जे ठेवाल तेवढंच त्याच्या पोटात जातं.

सातपूरची सुगरण

दोघांचंही वाचलं. मला वाटतं पाकिटातलं खाणं हेच मूळ दुखणं आहे. आमच्याकडे पिल्लू कोरड्या दाण्यांना तोंड लावत नव्हतं. मी चिकन बिनमिठाचं, नुसतं पाण्यात शिजवते, बारीक तोडून त्याच पाण्यात कालवून देते. बशी चकचकीत होते. कधी भद्रकालीतून आणलेली सुकट. ताजं अन्न सोडून कारखान्यातले दाणे का भरवायचे? पिल्लू जे नाकारतंय ते त्याला कळतंय म्हणूनच नाकारतंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

पशुवैद्यकीचा विद्यार्थी

सुगरणताई, शिजवलेलं पाणी फेकत नाही हे फार चांगलं करता. टॉरिन नावाचा घटक मांजराला अन्नातूनच मिळावा लागतो, आणि तो शिजवताना पाण्यात उतरतो. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय फुगून अशक्त होतं. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी मांजरांतल्या या हृदयविकाराचं मूळ टॉरिनच्या कमतरतेत दाखवलं. ती मांजरं तयार पाकिटांवरच वाढलेली होती. त्यानंतर कंपन्यांनी खाण्यात टॉरिन वाढवलं. म्हणजे पाकिटाबद्दलचा तुमचा संशय एके काळी खरा होता.

पण नुसत्या चिकनचा धोका वेगळा आहे आणि पिल्लात तो लवकर दिसतो. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. रानातलं मांजर उंदीर हाडांसकट खातं, आपण देतो नुसतं बोनलेस. मग शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडांतून काढून घेतं. असं पिल्लू बशी चाटूनपुसून खात असतं, वजनही घेतं, आणि एक दिवस सोफ्यावरून उडी मारताना पाय मोडून घेतं. क्ष-किरणात हाडं पातळ, कागदासारखी दिसतात. पिल्लाला आवडलं म्हणजे ते त्याला पुरलं, असं धरून चालता येत नाही. त्यावर शिजवलेली हाडं घालणं हाही उपाय नाही, ती टोकदार फुटतात आणि घशात-आतड्यात रुततात.

सुकटीत मीठ फार असतं, वासापुरती चिमूटभर ठीक, जेवण म्हणून नको. आणि रश्शातलं चिकन धुऊनही देऊ नका. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

सातपूरची सुगरण

हाडांचं हे मला नवीन आहे. पण मग पिल्लू दाण्यांना शिवतच नाही त्याचं काय? तुम्ही सगळे "समतोल आहार" म्हणता, तो पोटात गेला तर उपयोग.

पशुवैद्यकीचा विद्यार्थी

चिकन बंद करू नका, त्याच्यातच वाट काढा. पिल्लांसाठीचे म्हणून जे दाणे येतात ते कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा, चमच्याने लगदा करा. आज तीन भाग चिकन, एक भाग लगदा. दोन-तीन दिवस टिकलं की अर्धं-अर्धं. आठ-दहा दिवसांत उलटं प्रमाण आलं पाहिजे. मध्ये अडलं तर एक पायरी मागे या. बशी उथळ आणि पसरट घ्या, खोल वाटीत काही पिल्लं तोंड घालत नाहीत. आणि खाण्याची बशी शी-शूच्या मातीच्या ट्रेपासून लांब, हे तर हवंच.

पंचवटीतली माऊ

माझी अडचण कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. सासूबाईंचं सोवळं आहे. पिल्लू पावसात जिन्यात भिजत बसलं होतं, त्यांनीच पदराने पुसून आत घेतलं. ते पनीर खातं, दह्याची साय चाटतं, तूप-भाताला तोंड लावत नाही. दूध प्यायलं की जुलाब. इथे सगळे मांसाच्या गोष्टी करताहेत. उपाशी राहण्यापेक्षा पनीर बरं, असं आम्ही धरून चाललोय. जिवाला आसरा दिला ते चुकलं का?

इंदिरानगरकर (धागाकर्ती)

आसरा दिलात म्हणून ते आज जिवंत आहे, त्यात काहीच चुकलं नाही. पण पनीरवर ते वाढणार नाही, हे स्पष्टच सांगते. ते तूप-भात खात नाही याला नखरा म्हणू नका. मांजर पक्कं मांसाहारी आहे. गाजर-भोपळ्यातल्या रंगद्रव्यापासून जीवनसत्त्व अ आपलं शरीर बनवतं, मांजराचं बनवू शकत नाही. गोड चव तर त्याला कळतच नाही, त्या चवीचं जनुकच मांजरात निकामी झालेलं आहे. सायीला जीभ लावतं ते तिच्यातल्या स्निग्धासाठी. दूध मात्र आजच बंद करा. एवढ्याशा पिल्लाच्या अंगातलं पाणी जुलाबाने फार लवकर संपतं. जुलाब थांबले नाहीत तर दवाखाना.

आमच्या मजल्यावर एक जैन कुटुंब आहे. त्यांनी मांजराचं सगळं गॅलरीत ठेवलंय. दाण्यांचा घट्ट झाकणाचा डबा, वेगळी बशी, वेगळा चमचा, धुवायला वेगळी घासणी. घरात काही शिजत नाही, स्वयंपाकघराला काही लागत नाही. सासूबाईंशी असं बोलून बघा. त्यांनीच पुसून आत घेतलंय म्हणता, तर त्या ऐकतील असं मला वाटतं. अजिबातच शक्य नसेल तर जिथे त्याला त्याचं अन्न मिळेल असं घर शोधणं हेही प्रेमाचंच काम आहे.

देवळालीकर काका

यावर मात्र मी ताईंच्या बाजूने. आमच्याकडे श्रावणात महिनाभर मटण-चिकन बंद, म्हणून मांजरही महिनाभर वरण-भातावर, असं करणारी घरं मला माहीत आहेत. आणि मग तक्रार अशी की मांजर चोरटं झालं, शेजारच्या ओट्यावर चढतं. व्रत आपलं, त्याचं नव्हे.

पण माझा मूळ मुद्दा मी सोडलेला नाही. नाक साफ आहे, डॉक्टर बघून गेले, जंताचं औषध झालं, पिल्लू दिवसभर पडदे चढून उतरतंय, आणि तरी बशीसमोर तोंड फिरवतंय. आता? इथेही तुम्ही वाटी गरम करून मागे फिरणार का?

इंदिरानगरकर (धागाकर्ती)

नाही. असं खेळतं-पळतं, तपासलेलं, तीन महिन्यांच्या पुढचं पिल्लू असेल तर तुमची वीस मिनिटांची बशी मला मान्य आहे, दिवसातून चारदा. पण सोबत काटा ठेवायचा. स्वयंपाकघरातला पिठाचा डिजिटल काटा चालतो, त्यावर डबा ठेवून पिल्लू डब्यात. रोज एकाच वेळी. वाढत्या पिल्लाचं वजन महिन्याला चारशे-साडेचारशे ग्रॅमच्या आसपास वाढावं, म्हणजे रोज दहा-पंधरा ग्रॅम. काटा चढत असेल तर ते कमी खातंय ही आपली समजूत आहे, खुशाल शिस्त लावा. दोन दिवस जागेवर असेल तर शिस्त बाजूला. उतरला तर त्याच दिवशी डॉक्टर.

देवळालीकर काका

काट्याचं पटलं. चारदा बशी ठेवायला घरात माणूस लागतं हेही लिहा. नवरा-बायको दोघं अंबडच्या कंपनीत असतील तर दुपारच्या वेळा कोण सांभाळणार? अशांनी लहान पिल्लू आणूच नये असं माझं मत आहे.

सातपूरची सुगरण

काका, हे जरा जास्तच झालं. कोरडे दाणे बशीत दिवसभर राहिले तरी बिघडत नाहीत. ओलं सकाळ-संध्याकाळ घरात असताना द्यायचं, दुपारी दाणे. कामावर जाणाऱ्यांनी पिल्लं पाळायचीच नाहीत म्हटलं तर पार्किंगमधली सगळी पिल्लं पार्किंगमध्येच मरतील.

पशुवैद्यकीचा विद्यार्थी

दाणे ठेवा, शेजारी पाणी नक्की ठेवा. ओलं मात्र तासाभराच्या वर बशीत ठेवू नका, उन्हाळ्यात त्याहून कमी.

कुणी विचारायच्या आत सांगतो. भूक वाढावी म्हणून माणसांचं टॉनिक, आणि अंग गरम लागतंय म्हणून पॅरासिटामॉल, हे दोन्ही घरच्या घरी देऊ नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. जंताचं औषधही वजनावर ठरतं, अंदाजाने नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातही पिल्लं तपासतात, फी परवडत नाही म्हणून थांबू नका. मोठ्या, विशेषतः जाड मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडलं तर यकृतात चरबी साचते आणि तिथून परत आणणं अवघड असतं. त्यामुळे "भूक लागली की खाईल" हे मोठ्यांच्या बाबतीतही मी कुणाला सांगणार नाही.

पंचवटीतली माऊ

सासूबाईंशी बोलले. गॅलरीला हरकत नाही, बशी घरातल्या भांड्यांत मिसळायची नाही एवढंच म्हणाल्या. दाणे आणलेत, भिजवून ठेवले. नुसतं हुंगलं आणि माझ्याकडे बघत बसलंय. पनीरचा चुरा वर टाकू का?

इंदिरानगरकर (धागाकर्ती)

टाका, अगदी नखाएवढा, आणि लगद्यात कालवून टाका म्हणजे वरचं वेचून घेता येणार नाही. लगदा कोमट आहे ना बघा. बोटावर घेऊन त्याच्या ओठाच्या कडेला पुसटसं लावा, जबरदस्तीने तोंड उघडू नका. चाटलं तर बशी पुढे सरकवा आणि तुम्ही तिथून उठा, टक लावून बसू नका. रात्रीपर्यंत काहीच पोटात गेलं नाही तर पनीर द्या, पण उपाशी झोपवू नका, आणि सकाळी वजन करून इथे लिहा.