उत्तर: पूर्वीची घरं ऐसपैस?
"पूर्वीची घरं ऐसपैस, आताची खुराडी" असं नेहमी म्हटलं जातं. वाड्यांपुरतं ठीक. पण मुंबईतल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी आठवा. 1920 च्या दशकात बांधलेल्या, तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या आणि खोली 160 चौरस फुटांची. संडास मजल्याला सामायिक. त्यात आठ-दहा माणसं, शिवाय गावाहून आलेला एखादा पाहुणा! निम्मी मंडळी खोल्यांच्या मधल्या बोळात झोपायची, म्हणजे घराचा खरा आकार दाराबाहेर होता. आता पुनर्विकासात त्याच कुटुंबांना 500 चौरस फुटांचं, दोन बेडरूमचं घर मिळतंय. खुराडं कसं म्हणायचं?

गेलं काय, तर तो बोळ. शेजारणीकडे वाटी घेऊन जाताना आता लिफ्टची वाट बघावी लागते.

आणि हो, आकड्यांची तुलना जपून करा. 2016 च्या रेरा (घरबांधणी व्यवसायाच्या नियमनाच्या) कायद्यानंतर कार्पेट एरियाची, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेची, व्याख्या ठरली. आतल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत. त्याआधीच्या जाहिरातींतल्या 'सुपर बिल्टअप'मध्ये, म्हणजे सामायिक जागांचा वाटा धरून सांगितलेल्या आकड्यात, जिनासुद्धा तुमच्याच माथी असायचा. आमचं जुनं '650 फुटी' घर मी टेप घेऊन मोजलं, 470 भरलं.