उभा पॅनल, कर्नलचे वय आणि पावसाळ्यातली वीज

स्टीम (गेम घेण्याचे आणि खेळण्याचे अ‍ॅप) बसले म्हणजे झाले, हातात धरायच्या गेमिंग संगणकावर कोणतेही डिस्ट्रो (लिनक्सचा कोणताही प्रकार) चालेल, असे या चर्चेत वर म्हटले आहे. स्टीमच्याच कंपनीच्या स्टीम डेक या यंत्रापुरते ते बरेचसे मान्य. इतर यंत्रांबाबत मात्र पटत नाही. काहींमध्ये मुळात उभा असलेला पॅनल, म्हणजे पडदा, आडवा बसवलेला असतो (लेनोवोच्या लीजन गोचा १६०० × २५६० पिक्सेलचा आहे), आणि कोणत्या यंत्राचे चित्र कोणत्या दिशेने फिरवायचे याची यादी कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असते. म्हणून यंत्र २०२३ च्या अखेरीचे आणि कर्नल डेबियन १२ या डिस्ट्रोमधल्या ६.१ सारखा त्याआधीच्या मालिकेतला असेल, तर चित्र कुशीवर वळलेले दिसण्याची शक्यता राहते.

दुसरा मुद्दा इथे कोणीच मांडलेला नाही. मी गुहागरला राहतो. गेल्या पावसाळ्यात दिवसभर वीज नसताना मी उरल्यासुरल्या बॅटरीवर अपडेट बसवायला घेतले. यंत्र मध्येच बंद पडले, पॅकेजे (प्रणालीचे सुटे भाग) अर्धवट बसलेली राहिली आणि नंतर डेस्कटॉप उघडेचना. तेव्हापासून मी फेडोरा अ‍ॅटॉमिकवर आधारलेले बझाइट हे डिस्ट्रो वापरतो. त्यात अपडेट करताना नवी प्रतिमा, म्हणजे अख्ख्या प्रणालीची तयार प्रत, चालू प्रणालीला हात न लावता बाजूला तयार होते, ती पुढच्या बूटला लागू होते आणि आधीची प्रतिमा बूट मेनूत शिल्लक राहते. डाउनलोड मोठे असतात, मोबाइल डेटावर ते जाणवते, तरीही कोकणातल्या जून ते सप्टेंबरसाठी मला हीच रचना योग्य वाटते.