‘बुंट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : नैर्ऋत्य आफ्रिकेतील, म्हणजे आजच्या नामिबियातील, जर्मन वसाहतकारांच्या ‘डॉयचर बुंट’ या अल्पायुषी पक्षाचे नाव एका मराठी मजकुरात ‘जर्मन बंड’ असे छापलेले वाचले आणि या लोकांनी कोणाविरुद्ध बंड केले, हे शोधण्यात माझी संध्याकाळ गेली. या शब्दाचा नेमका अर्थ काय?

उत्तर : बंडाशी त्याचा काही संबंध नाही. मूळ अक्षरे ‘बुंड’ अशी वाचली, तरी जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटच्या ‘ड’चा उच्चार ‘ट’ होतो म्हणून ‘बुंट’. पुढे स्वर आला की ‘ड’ टिकतो, जसा ‘बुंडेसलिगा’मध्ये. बांधणे या अर्थाच्या ‘बिंडन’ या क्रियापदापासून तो आला असून संस्कृत ‘बन्ध्’ हा धातू त्याचा सख्खा नातलग आहे, त्यामुळे आपला बंध, बांध आणि बांधणे ही सारी त्याचीच भावंडे. प्रतिशब्द म्हणून मी ‘संघ’ सुचवेन, कारण पहिल्या महायुद्धानंतर ज्या राष्ट्रसंघाने हा प्रदेश दक्षिण आफ्रिकेच्या हाती सोपवला, त्यालाही जर्मन लोक ‘फोल्करबुंट’च म्हणत. ‘पक्ष’ म्हटले की समोर दुसरी बाजू गृहीत धरली जाते. ही संघटना मात्र तिथल्या सगळ्याच जर्मनांच्या वतीने बोलू पाहत होती.

प्रश्न : मग ‘१९२६ च्या निवडणुकीत जर्मन संघाला बहुमत मिळाले’ हे वाक्य चालेल का?

उत्तर : तसे लिहू नये. १२ निवडून द्यायच्या जागांपैकी ७ त्यांनी जिंकल्या हे खरे, परंतु विधानसभेत आणखी ६ सदस्य नेमलेले असत, म्हणजे १८ जणांच्या सभागृहात ते सातच. शिवाय मताधिकार केवळ गोऱ्यांना असल्यामुळे ‘जनतेने निवडले’ हेही लिहिता येत नाही. ‘जर्मन’ शब्दही जपून वापरावा : १९२३ च्या लंडन करारानंतर यांपैकी बहुतेकांना ब्रिटिश प्रजाजनत्व मिळाले होते, तेव्हा इथे ‘जर्मन’ म्हणजे जर्मन भाषेचे व वंशाचे, आणि ‘जर्मनीचा पक्ष’ हे भाषांतर सरळ चूक आहे.