ओव्हरटाइम आणि टिपांवरची करसूट: डब्ल्यू-२ मध्ये काहीच वेगळं दिसत नाही

एडिसनवाली: नमस्कार. मी न्यू जर्सीत एका रेस्टॉरंटमध्ये वाढपाचं काम करते. नवरा गोदामात, तासाला २२ डॉलर. २०२५ मध्ये त्याने ३०० तास जादा काम केलं, ते ३३च्या दराने, म्हणजे ९,९०० डॉलर. रात्री अकराला घरी यायचा, तेव्हा मुलगी झोपलेली असायची. सगळे म्हणतात, "आता ओव्हरटाइमवर कर नाही." पण डब्ल्यू-२ वर (मालक देतो त्या वर्षभराच्या पगाराच्या फॉर्मवर) एकच रक्कम आहे आणि त्याचा मॅनेजर काही सांगत नाही. माझ्या टिपा ८,४०० आहेत. वजा किती करायचे?

आकडेमोड: ताई, ९,९०० पूर्ण नाही. दीडपटीतला वरचा 'अर्धा' तेवढाच सुटतो: २२ वर ११. म्हणजे ३,३००. पगाराच्या पावतीवर ओव्हरटाइमची एकूण रक्कम असेल तर तिला सरळ तीनने भागा, २०२५ साठी आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) तशी मुभा दिली आहे. टिपांचा आकडा डब्ल्यू-२ च्या ७व्या रकान्यात बघा. दोन्ही शेड्यूल १-ए मध्ये (रिटर्नला जोडायच्या तक्त्यात) जातात. स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरावीक वजावट) घेतलं तरी मिळतं, पण रिटर्न जोडीने भरायला हवं.

जर्सीकर: एक विचारतो, मोठ्या टेबलांच्या बिलात आपोआप लावतात ते १८ टक्के तुमच्या ८,४०० मध्ये धरलेत का? ते धरू नका. गिऱ्हाइकाने राजीखुशीने दिलेलीच टिप चालते. आणि न्यू जर्सीच्या राज्य करात ही सूट नाही. सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे (पेन्शन आणि आरोग्य विम्याचे) ७.६५ टक्केही कापले जातातच. 'कर नाही' हे ऐकून लोक नंतर फार हिरमुसतात, म्हणून आधीच सांगतोय.

एडिसनवाली: नाही, ते १८ टक्के पगारात येतात, ७व्या रकान्यात ८,४००च आहेत. मी रोज रात्री वहीत लिहिते, ताळा जुळला. मग ११,७०० वजा?

आकडेमोड: बरोबर. तुम्ही १२ टक्के कराच्या पट्ट्यात असाल, तर फेडरल (केंद्राच्या) करात १,४०४ डॉलर वाचतील. पावत्या आणि वही जपून ठेवा, सूट २०२८ पर्यंत आहे.

एडिसनवाली: खूप आभार. पावत्या बिस्किटांच्या डब्यात आहेत, मार्चच्या दोन सापडत नाहीयेत. उद्या त्याला ऑफिसातून मागून आणायला सांगते, मगच भरू.