मूत्राशय काढल्यावर अण्णांना काय खायला द्यावं?

लेक, कऱ्हाड:
अण्णा ६८ वर्षांचे आहेत. कर्करोगामुळे पाच आठवड्यांपूर्वी मूत्राशय काढलं, पोटावर लघवीची पिशवी आहे. वजन ६१ वरून ५४ किलोवर आलंय. दोन घासांत पोट भरलं म्हणतात. डाळीने जखम पिकते असं आत्या सांगते, म्हणून पंधरा दिवस पेज आणि वरणाचं पाणीच चाललंय. पिशवी भरते म्हणून पाणीही टाळतात. घर माळकरी, अंडं चालत नाही, आणि परवाची एकादशी धरायचीच म्हणतात.

माळकरी काका:
ताई, माझं हेच ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली. मीही माळकरी. आधी डाळ सुरू करा, आजच. डाळीने जखम पिकत नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि वरणाच्या पाण्यात ती नावापुरतीच. आमच्या आहारतज्ज्ञांनी किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम सांगितलं होतं, म्हणजे अण्णांना ६५ ते ८० ग्रॅम. पेजेवर हे कधीच भरणार नाही.

लघवीची नवी वाट करायला लहान आतड्याचा पंधरा-वीस सेंटिमीटर तुकडा घेतात, त्यामुळे आतडं बरेच दिवस सुस्त असतं. तीन जेवणं मला झेपेनात. बायको दर दोन-अडीच तासांनी वाटीभरच द्यायची: घट्ट मुगाचं वरण आणि मऊ भात, मुगाचं धिरडं, कुस्करलेलं पनीर, दुधात दाण्याचं बारीक कूट. कोबी, कच्ची कोशिंबीर नंतर. पोट फुगून उलट्या झाल्या, वारा सरेना, तर मात्र घरी थांबू नका.

पाणी तोडू नका. लघवीत आतड्याचा चिकट स्राव येतो, पाणी कमी पडलं की तो घट्ट होतो. डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर दोन लिटर तरी हवं. रात्री मोठी पिशवी जोडा, उठावं लागत नाही.

तिसऱ्या महिन्यात माझी भूक अचानक गेली, मळमळायचं. अशक्तपणा समजून आम्ही तीन आठवडे घालवले, त्याची आजही हळहळ वाटते. रक्तात आम्ल वाढलं होतं. लघवी त्या आतड्याच्या तुकड्यातून जाताना आम्ल वाढवणारे काही क्षार परत शोषले जातात. डॉक्टरांनी सोडाबायकार्बच्या गोळ्या दिल्या आणि दहा दिवसांत मी भाकरी मागितली.

एकादशीला नुसत्या साबुदाण्यावर राहू देऊ नका. मी दूध, पनीर, दाण्याची आमटी, राजगिरा घ्यायचो. माझी एकादशी मोडली असं मला कधी वाटलं नाही.

नर्स, सांगली:
काकांशी सहमत. प्रोटीन पावडर आणण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघून डॉक्टरांना विचारा. बी-१२ जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं, आणि नव्या वाटेचा तुकडा त्याच भागातला असतो. अण्णा शाकाहारी, तेव्हा तेही तपासून घ्या आणि पुढे दरवर्षी बघा.

लेक, कऱ्हाड:
काका, तुमचं उत्तर अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. "माळकरी आहेत ना?" असं दोनदा विचारलं. दुपारी घट्ट वरण-भात वाटीभर खाल्ला, आत्यानेच कालवून दिला. शुक्रवारी रक्त द्यायचंय. बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल कळायला), क्रिएटिनिन, बी-१२ चिठ्ठीवर लिहून ठेवलंय.